मुंबईतील संशोधन केंद्रांची जाहीर व्याख्याने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील विद्यापीठे आणि संशोधन संस्था वर्षभर जी व्याख्याने सर्वांसाठी खुली ठेवतात, त्यांना जाण्याची इच्छा असूनही न जाणारे लोक बरेच आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ही उत्तरे एका नियमित श्रोत्याने इतर श्रोत्यांसाठी लिहिलेली आहेत, कोणत्याही संस्थेची ती अधिकृत भूमिका नाही. प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यामुळे त्या त्या कार्यक्रमाच्या सूचनेत जे लिहिलेले असेल तेच अंतिम समजावे.

मी विद्यार्थी नाही, प्राध्यापक नाही. मला खरोखर आत सोडतात का?

होय. सूचनेत ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहिलेले असेल तर तुमची पदवी, नोकरी किंवा वय कोणी विचारत नाही. अशा सभागृहात निवृत्त बँक कर्मचारी, शाळेतले शिक्षक, अकरावी-बारावीची मुले, डॉक्टर, वकील आणि नुसत्याच कुतूहलाने आलेली माणसे शेजारी शेजारी बसलेली असतात. या संस्थांपैकी बहुतेकींचा खर्च मोठ्या प्रमाणात सार्वजनिक निधीतून चालतो आणि आपले काम लोकांपुढे मांडणे हा त्यांच्या कर्तव्याचाच भाग मानला जातो. त्यामुळे आपण कोणाच्या घरी आगंतुक म्हणून चाललो आहोत, अशी भावना मनातून काढून टाकावी.

या शहराला ही गोष्ट नवीही नाही. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याच विद्यापीठाच्या सुरुवातीच्या पदवीधरांपैकी एक असलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर जी ‘विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने’ दिली, त्यांत मराठीचाही विचार होता आणि अभ्यासक आजही त्यांचा आधार घेतात. आपल्याकडे व्याख्यान ऐकायला जाण्याची सवय तर त्याहूनही रुजलेली आहे. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे. संशोधन केंद्रातले व्याख्यान थोडे वेगळे असते, एवढेच. ते वेगळेपण पुढच्या उत्तरात सांगितले आहे.

व्याख्यान, सेमिनार, कलोकियम ही सगळी नावे एकाच गोष्टीची आहेत का?

नाहीत, आणि हा फरक माहीत नसल्यामुळेच पहिल्या भेटीत निराश होऊन परतणारे लोक सर्वांत जास्त असतात. सेमिनार हा सहसा एका विभागाचा अंतर्गत कार्यक्रम असतो. समोर पंधरा-वीस माणसे असतात, सगळी त्याच विषयातली, आणि वक्ता पहिल्या मिनिटापासून त्यांच्याच परिभाषेत बोलू लागतो. मध्येच कोणीतरी हात वर करून तिसऱ्या समीकरणातल्या एका चिन्हाबद्दल शंका काढतो आणि त्यावर दहा मिनिटे जातात. अशा सेमिनारला बाहेरच्या माणसाला बहुधा मज्जाव नसतो, पण तो त्याच्यासाठी योजलेलाही नसतो.

कलोकियम हा मधला प्रकार आहे. तो संपूर्ण विभागासाठी किंवा संपूर्ण संस्थेसाठी असतो. म्हणजे जीवशास्त्रज्ञाचे बोलणे ऐकायला गणितज्ञही बसलेला असतो आणि त्यामुळे वक्त्याला निदान सुरुवातीचा भाग सोपा करावाच लागतो. त्या विषयात पदवीपर्यंत शिक्षण झालेल्या किंवा चिकाटीने वाचन करणाऱ्या श्रोत्याला कलोकियममधून बरेच काही मिळते.

जाहीर व्याख्यान मात्र तुमच्या-आमच्यासाठीच असते. त्यात स्मृतिव्याख्याने येतात, एखाद्या दिनाच्या निमित्ताने होणारी व्याख्याने येतात आणि परिषदेसाठी मुंबईत आलेल्या परदेशी पाहुण्याचे सायंकाळचे खुले भाषणही येते. याबाबत माझे मत सांगायचे तर पहिली चार-पाच व्याख्याने याच प्रकारातली ऐकावीत, मग कलोकियमकडे वळावे आणि सेमिनारला ज्या विषयाचे खरोखर वेड लागले असेल त्याच विषयाच्या जावे. स्मृतिव्याख्यानांबाबत एक सावधगिरी हवी. त्यांचा आरंभ दीपप्रज्वलन, स्वागत, संस्थेचा परिचय, ज्यांच्या नावाने व्याख्यान आहे त्यांचा परिचय आणि मग वक्त्याचा परिचय अशा क्रमाने होतो, तेव्हा मूळ भाषण अर्ध्या तासाने सुरू झाले तर आश्चर्य मानू नये.

मुंबईत कोणत्या विषयासाठी कुठे जावे?

भौतिकशास्त्र, गणित, खगोलशास्त्र, जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र यांसाठी कुलाब्याच्या नेव्हीनगरमधील टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली टीआयएफआर. होमी भाभांनी १९४५ मध्ये ती स्थापन केली आणि आज ती अभिमत विद्यापीठ आहे. संस्थेतली मोठी जाहीर व्याख्याने होमी भाभा सभागृहात होतात. पण नवख्या श्रोत्याने सुरुवात करावी ती याच संस्थेच्या ‘चाय अँड व्हाय?’ या उपक्रमापासून. २००९ पासून चालत आलेल्या या उपक्रमात संशोधक स्वतः संस्थेबाहेर पडून जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये किंवा माटुंग्याच्या रुपारेल महाविद्यालयात रविवारी सकाळी लोकांशी बोलतात, जमल्यास समोर प्रयोग करून दाखवतात आणि हातात चहा असताना प्रश्नांना उत्तरे देतात.

विज्ञान शिकवण्याच्या पद्धतीत रस असलेल्या शिक्षक-पालकांसाठी मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ साली सुरू झालेले हे केंद्र टीआयएफआरचाच भाग असून ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या मुलांना ते ठाऊक असते. त्याच पट्ट्यात, गोवंडी स्थानकापासून जवळ, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन संस्था आहेत. पहिली १९३६ ची, दुसरी १९५६ ची. स्थलांतर, कामगार, शिक्षण, आरोग्य, शहरातील वस्त्या अशा विषयांवरची व्याख्याने तिथे ऐकायला मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, ते सर्वेक्षण लोकसंख्या विज्ञान संस्थेच्याच समन्वयाने होते. म्हणजे तिथे प्रश्न विचारताना ज्यांनी आकडे जमवले त्यांनाच आपण विचारत असतो, ही लहान गोष्ट नाही.

अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञानासाठी पवईचे आयआयटी, अर्थशास्त्रासाठी गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, रसायन तंत्रज्ञानासाठी माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था. स्त्री अभ्यासासाठी एसएनडीटी महिला विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये उभे राहिलेले हे केंद्र भारतातल्या विद्यापीठांमधले या विषयाचे अगदी आरंभीचे केंद्र. मराठी साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान यांचे कार्यक्रम मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील विद्यानगरी परिसरात विभागवार होतात. विद्यापीठाची अंगे नसली तरी फोर्टमधली १८०४ सालची एशियाटिक सोसायटी आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्याकडेही लक्ष ठेवावे, कारण विद्यापीठातले अभ्यासक तिथेही बोलतात आणि तिथला श्रोतृवर्ग अधिक मिसळलेला असतो.

सूचना कुठे मिळतात? मला नेहमी कार्यक्रम होऊन गेल्यावर कळते.

ही तक्रार रास्त आहे. मुंबईतल्या सगळ्या केंद्रांची मिळून एकच अशी यादी नाही आणि काही विभागांची सूचना सूचनाफलकावर लावलेल्या एका कागदापलीकडे जात नाही. उपाय असा की आपल्या आवडीच्या दोन किंवा तीनच संस्था निवडाव्यात, त्यांच्या संकेतस्थळावरचे ‘कार्यक्रम’ हे पान आठवड्यातून एकदा पाहावे, ईमेल यादीत नाव नोंदवता येत असेल तर नोंदवावे आणि समाजमाध्यमांवर त्यांच्या खात्यांचा माग ठेवावा. एखाद्या व्याख्यानाला गेल्यावर आयोजकांपैकी कोणालातरी ‘पुढचे कधी?’ असे विचारून व्हॉट्सअॅप गटात नाव घालून घेणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

वर्षाचा अंदाजही उपयोगी पडतो. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, त्याला लागूनच २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन, ८ मार्च आणि १४ एप्रिल यांच्या आसपास कार्यक्रमांची गर्दी असते, इतकी की दोन चांगली व्याख्याने एकाच संध्याकाळी येतात आणि एक सोडावे लागते. परीक्षा आणि मे महिन्याच्या सुटीत विद्यापीठाचे विभाग शांत होतात, संशोधन संस्थांचे कामकाज मात्र चालू राहते.

गोषवारा वाचून व्याख्यान आपल्यासाठी आहे की नाही हे कसे ओळखावे?

सूचनेसोबत आठ-दहा ओळींचा गोषवारा असतो. तो एकदा वाचून त्यात आपल्याला अजिबात न समजलेले शब्द किती आहेत ते पाहावे. दोन-तीन असतील तर खुशाल जावे, कारण ते शब्द वक्ता बहुधा समजावून सांगणार आहे. प्रत्येक ओळीत तसा शब्द असेल आणि पहिलेच वाक्य ‘आम्ही असे दाखवतो की’ अशा धाटणीचे असेल, तर तो तज्ज्ञांसाठीचा सेमिनार समजावा. गोषवाऱ्यात एखादा प्रश्न सरळ मांडलेला असेल, उदाहरणार्थ ‘पावसाचा अंदाज चार दिवसांपलीकडे का डळमळतो’, तर वक्त्याने सामान्य श्रोता डोळ्यांसमोर ठेवला आहे असे धरून चालता येते. वक्त्याचे नाव मोठे आहे यावरून काही ठरवू नये. मोठे संशोधक रटाळ बोललेले आणि पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीने सभागृह जिंकलेले, दोन्ही पाहायला मिळते.

प्रवेशशुल्क असते का? नोंदणी करावी लागते का?

जाहीर व्याख्यानांना सहसा शुल्क नसते. नोंदणी मागितली असेल तर ती करावीच, कारण तीच यादी पुढे गेटवर जाते. नोंदणी करून जाणे रद्द झाले तर तसे कळवावे. जागा मर्यादित असतात आणि आपल्या शहरात ‘नाव टाकून ठेवू, मग बघू’ म्हणणाऱ्यांची कमतरता नाही.

गेटवर नेमके काय होते?

बहुतेक नवख्या श्रोत्यांची खरी परीक्षा सभागृहात होत नाही, गेटवर होते. सुरक्षारक्षकाच्या टेबलावर एक लांबट रजिस्टर असते, त्याला दोऱ्याने बांधलेले पेन असते आणि त्यात नाव, कुठून आलात, फोन क्रमांक, कोणाला भेटायचे, आत जाण्याची वेळ आणि सही असे रकाने असतात. ‘कोणाला भेटायचे’ या रकान्याशी लोक अडतात, कारण त्यांना कोणालाच भेटायचे नसते. तिथे व्याख्यानाचे नाव आणि सभागृहाचे नाव लिहावे. सूचनेचे पोस्टर फोनमध्ये साठवून ठेवावे आणि विचारण्याआधीच दाखवावे. इंटरनेट त्याच क्षणी दगा देते, म्हणून दुव्यावर विसंबून राहू नये. रक्षकाला कार्यक्रमाची कल्पना नसेल तर वाद न घालता सूचनेवरच्या संपर्क क्रमांकावर फोन लावून तो त्यांच्या हातात द्यावा. त्यांचे काम अडवणे हेच आहे आणि ते चोख करतात म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

मूळ छायाचित्र ओळखपत्र जवळ हवेच. नेव्हीनगरसारख्या संरक्षण दलांच्या परिसरातल्या संस्थेत जाताना हे विशेष लक्षात ठेवावे. लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, मोठा कॅमेरा बरोबर असेल तर गेटवर नोंद करावी लागू शकते, मग गरज नसलेली वस्तू घरीच ठेवलेली बरी. परदेशी नागरिक असलेला पाहुणा सोबत येणार असेल तर आयोजकांना काही दिवस आधी विचारावे.

ओळखपत्र विसरलो तर?

डिजिलॉकरमधले आधार किंवा वाहन परवाना दाखवून पाहावा. काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी चालत नाही.

कसे पोहोचावे आणि किती आधी निघावे?

व्याख्यान संध्याकाळी चार किंवा साडेपाचला असेल तर तुम्ही सुटणाऱ्या कार्यालयांच्या गर्दीच्या तोंडावर प्रवास करणार आहात, हे धरूनच वेळ ठरवावी. कुलाब्याला चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून नेव्हीनगरकडे जाणाऱ्या बेस्टच्या बस आहेत, आणि आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावणाऱ्या भुयारी मेट्रोमुळे उपनगरातून येणाऱ्यांची बरीच सोय झाली आहे. कलिन्याला सांताक्रूझ पूर्व किंवा कुर्ला पश्चिमेकडून बस अथवा रिक्षा मिळते. पवईला मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी कांजूरमार्गला उतरावे. गोवंडी आणि मानखुर्द दोन्ही हार्बर मार्गावर आहेत आणि रविवारचा मेगाब्लॉक या मार्गावर असेल तर सकाळच्या कार्यक्रमाचा बेत आदल्या रात्रीच पुन्हा तपासावा.

परिसर मोठे असतात, हेही विसरू नये. पवईच्या मुख्य गेटपासून सभागृहापर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. आत टमटम नावाची बस फिरते, पण ती वेळेवर मिळेलच असे गृहीत धरू नये. विद्यानगरीतही इमारतींची नावे माहीत नसतील तर दोन वळणे चुकतातच. गेटवर अर्धा तास आधी पोहोचणे हे माझ्या मते योग्य प्रमाण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्यात आणखी भर घालावी, आणि मोठी भरती व अतिवृष्टीचा इशारा एकाच दिवशी आला असेल तर आयोजकांनीच कार्यक्रम पुढे ढकलला आहे का ते आधी पाहावे.

उशीर झाला किंवा मध्येच निघावे लागले तर?

मागच्या दाराने शिरून कडेच्या खुर्चीवर बसावे. शेवटची लोकल गाठायची असेल, बदलापूर-विरारकडच्या श्रोत्यांना तर हे नेहमीचेच, तर सुरुवातीपासूनच दाराजवळची जागा धरावी आणि भाषण संपून टाळ्या वाजत असताना निघावे. प्रश्नोत्तरांच्या आधी उठण्यात काहीही गैर मानले जात नाही.

व्याख्यान इंग्रजीत असेल तर मराठीत प्रश्न विचारता येतो का?

येतो, आणि बेधडक विचारावा. वक्ता मराठी जाणणारा नसला तरी अध्यक्ष किंवा श्रोत्यांपैकी कोणीतरी त्याचे इंग्रजी करून सांगतो. मुंबईतल्या सभागृहात असा मनुष्य सापडला नाही असे सहसा घडत नाही. अडखळत्या इंग्रजीत विचारलेला गुंतागुंतीचा प्रश्न वक्त्याला नीट कळत नाही आणि तो भलत्याच गोष्टीचे उत्तर देतो, त्यापेक्षा मराठीतले दोन स्वच्छ वाक्यांचे विचारणे केव्हाही चांगले. ‘चाय अँड व्हाय?’सारख्या उपक्रमात तर इंग्रजी, हिंदी, मराठी यांची सरमिसळ नेहमी चालते. मराठीतली जाहीर व्याख्याने हवी असतील तर कार्यक्रमानंतर आयोजकांना तसे लेखी कळवावे. श्रोत्यांकडून मागणी आल्याशिवाय असे कार्यक्रम वाढत नाहीत.

आधी काही वाचून जावे का?

अर्धा तास पुरतो. समजा व्याख्यान गुरुत्वीय लहरींवर आहे. तर अशा लहरी प्रथम सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी टिपल्या, त्या यंत्राची प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांबीची असते, लहर गेल्यावर त्या लांबीत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कितीतरी लहान असतो, आणि तशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जाणार आहे, एवढे माहीत असले तरी पहिली वीस मिनिटे तुम्ही वक्त्याच्या बरोबरीने चालता. खगोलशास्त्राच्या भाषणात जीएमआरटी हा शब्द न उलगडताच वापरला जातो. तो नारायणगावजवळच्या खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचा उल्लेख असतो. अशी चार-सहा आद्याक्षरे आधी पाहून ठेवली की श्रम वाचतात.

सामाजिक शास्त्रांच्या व्याख्यानाआधी मात्र व्याख्यानाचा विषय ज्या प्रदेशाचा किंवा ज्या काळाचा आहे तो नकाशावर आणि सनावळीत पाहून जावे. वक्ता तिथे परिभाषेने अडवत नाही, संदर्भांनी अडवतो.

भाषणातले अर्धे समजले नाही, तर जाणे वाया गेले का?

अजिबात नाही. शेजारच्या विभागातल्या प्राध्यापकालाही शेवटचा तिसरा भाग पुरता समजलेला नसतो, तो फक्त चेहऱ्यावर दाखवत नाही. तासाभराच्या भाषणाची रचना बहुधा ठरलेली असते : पहिली पंधरा मिनिटे प्रश्न कोणता आणि तो का महत्त्वाचा हे सांगण्यात, मधली पंचवीस मिनिटे वक्त्याच्या स्वतःच्या कामात आणि शेवटची काही मिनिटे निष्कर्ष व पुढची दिशा यांत. मधल्या भागात धागा सुटला तर तो शोधत बसू नये, लक्ष ढळू न देता निष्कर्षाच्या स्लाइडची वाट पाहावी. तिथे पुन्हा सोपी भाषा सुरू होते.

आलेख दिसला की रेषेकडे पाहण्याआधी दोन्ही अक्षांवर काय लिहिले आहे ते वाचावे. आडव्या अक्षावर वर्षे आहेत की अंतर, उभ्या अक्षावर टक्के आहेत की संख्या, आणि आकडे शून्यापासून सुरू होतात की मधूनच, एवढे कळले तरी अर्धा आलेख कळतो. सर्वेक्षणावरचे भाषण असेल तर नमुना किती मोठा आणि तो कसा निवडला, हे ऐकताना कान टवकारावेत. आणखी एक गोष्ट : वक्ता ‘हे प्रसिद्ध झाले आहे’ म्हणतो, ‘हे अजून तपासले जात आहे’ म्हणतो की ‘माझा असा अंदाज आहे’ म्हणतो, याची वहीत वेगवेगळी नोंद करावी. प्रामाणिक संशोधक या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवून बोलतो, ऐकणाराच पुष्कळदा त्या एकत्र करून टाकतो.

प्रश्न विचारायची भीती वाटते. कसा विचारावा?

भाषण चालू असतानाच वहीच्या कोपऱ्यात प्रश्न लिहून ठेवावा, म्हणजे माइक हातात आल्यावर शब्द शोधावे लागत नाहीत. उभे राहून नाव सांगावे, एका वाक्यात संदर्भ द्यावा आणि दुसऱ्या वाक्यात प्रश्न विचारावा. ‘तुम्ही ज्या गावांचा अभ्यास केला ती सगळी कोरडवाहू भागातली होती. बागायती भागात हाच निष्कर्ष निघेल का?’ एवढे पुरते. वक्त्याची स्तुती, आपला परिचय, आपल्या वाचनाचा आढावा यांत दोन मिनिटे गेली की अध्यक्ष घड्याळाकडे पाहू लागतात आणि खरा प्रश्न घाईत संपतो. माइक येईपर्यंत थांबावे. आवाज मोठा असला तरी ऑनलाइन ऐकणाऱ्यांना माइकशिवाय ऐकू येत नाही.

‘हे अगदी प्राथमिक आहे, पण’ अशी दिलगिरीची सुरुवात करू नये. वक्त्यांना प्राथमिक प्रश्न आवडतात, कारण त्यांच्या विभागात ते त्यांना कोणी विचारत नाही. प्रा. जयंत नारळीकर व्याख्यानानंतर स्वाक्षरीसाठी गर्दी करणाऱ्या मुलांना वहीवर सही देण्याऐवजी पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तर आपल्या सहीनिशी धाडत. ज्यांना सर्वांसमोर बोलवत नाही त्यांनी चहाच्या वेळी वक्त्याला गाठावे किंवा नंतर चार ओळींची ईमेल करावी.

माझा स्वतःचा एक सिद्धांत आहे. तो वक्त्यापुढे मांडता येईल का?

प्रश्नोत्तरांच्या वेळेत नाही. ती वेळ भाषणावरच्या शंकांसाठी असते आणि सभागृहातल्या सर्वांची असते. प्रत्येक नियमित श्रोत्याने सापेक्षतावाद चुकीचा असल्याचे सिद्ध करणारा एक तरी गृहस्थ पाहिलेला असतो, आणि सहसा त्याच्या हातात झेरॉक्स प्रतींचा गठ्ठाही असतो. आपले टिपण दोन पानांत नीट लिहून ईमेलने पाठवावे. उत्तराची अपेक्षा मात्र माफक ठेवावी.

फोटो किंवा ध्वनिमुद्रण करता येते का?

परवानगी विचारून. स्लाइडवर अप्रकाशित आकडे, रुग्णांची किंवा मुलाखत दिलेल्या व्यक्तींची छायाचित्रे असू शकतात आणि ती समाजमाध्यमांवर जाणे गंभीर गोष्ट आहे. बरीच व्याख्याने संस्था स्वतःच यूट्यूबवर ठेवते. फोन उंच धरून तासभर चित्रीकरण करणारा श्रोता मागच्या तीन रांगांचा दृष्टिभंग करतो, हेही ध्यानात घ्यावे.

लहान मुलांना आणावे का?

प्रयोगांसह होणाऱ्या विज्ञानाच्या कार्यक्रमांना आठ-दहा वर्षांपुढच्या मुलांना अवश्य आणावे. त्यांचे प्रश्न मोठ्यांपेक्षा बरे असतात. नुसत्या भाषणाला नववी-दहावीच्या आधी आणण्याची घाई करू नये.

ज्येष्ठ नागरिक आणि चाकाची खुर्ची वापरणारे यांच्यासाठी काय सोय असते?

नव्या इमारतींत उतार आणि लिफ्ट असतात, पण गेटपासूनचे अंतर हीच खरी अडचण ठरते. आधी फोन करून सांगितले तर गाडी सभागृहापर्यंत नेण्याची परवानगी बहुधा मिळते. फोर्टमधल्या जुन्या वास्तूंमध्ये परिस्थिती अवघड आहे. एशियाटिकच्या टाउन हॉलच्या दगडी पायऱ्या पाहायला देखण्या आहेत, गुडघेदुखी असलेल्या माणसाला त्या तशा वाटत नाहीत. दुसरा मार्ग आहे का, हे निघण्याआधी विचारावे. कमी ऐकू येत असेल तर भिंतीवरच्या ध्वनिक्षेपकाजवळची जागा पकडावी, ती पहिल्या रांगेपेक्षा उपयोगी असते.

बाहेर ठेवलेला चहा आपल्यासाठी असतो का?

जाहीर व्याख्यानात असतो. तरी बिस्किटांच्या ताटाकडे वक्त्याच्या आधी पोहोचू नये.

घरबसल्या ऑनलाइन ऐकले तर तेवढाच लाभ होतो का?

विषय कळण्यापुरता होतो. डोंबिवलीहून कुलाब्याला जाऊन येण्यात जो वेळ जातो तो पाहता आठवड्याच्या मधल्या व्याख्यानासाठी ऑनलाइन पर्याय सोडू नये. प्रत्यक्ष जाण्याचा फायदा भाषणानंतरच्या वीस मिनिटांत असतो : शेजारी बसलेला संशोधक विद्यार्थी न समजलेला भाग आपल्या भाषेत सांगतो, एखादा पुस्तकाचे नाव सुचवतो, पुढच्या कार्यक्रमाचा पत्ता लागतो.

हजेरीचे प्रमाणपत्र मिळते का?

एका व्याख्यानाचे सहसा नाही, कार्यशाळेचे मिळते.

वक्त्याला आमच्या वाचनालयात किंवा मंडळात बोलवायचे असेल तर?

भाषणानंतरच्या गर्दीत तोंडी आमंत्रण देऊन तारीख पक्की करू नये. नुसती ओळख करून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी ईमेल करावी. त्यात श्रोते साधारण किती आणि कोण असतील, भाषा कोणती हवी, वेळ किती, प्रोजेक्टर आहे की नाही, ये-जा करण्याची व्यवस्था कोण करणार आणि मानधन देता येणार आहे का, हे सर्व स्पष्ट लिहावे. मानधन नसेल तर तेही लिहावे, त्याने बहुतेक संशोधकांचे अडत नाही, संदिग्धतेने अडते. दोन-तीन तारखांचा पर्याय द्यावा आणि त्या निदान महिनाभर पुढच्या असाव्यात. एकदा होकार आला की सत्कार, नारळ-शाल आणि मनोगते यांना मिळून दहा मिनिटांची मर्यादा घालून घ्यावी आणि ती कार्यक्रमपत्रिकेवर छापावी.